मार्ता आणि आमची उशी

आज लेक मैदानावरून फुरंगटून घरी आली. मुलं पासच देत नाहीत म्हणे. जेवणं उरकल्यावर तिला फुटबॉलपटू मार्ताचा २००७ च्या महिला विश्वचषकातला, उपांत्य फेरीत अमेरिकेविरुद्ध मारलेला गोल दाखवला. गोलकडे पाठ, बॉल अलगद बचावपटूच्या एका बाजूने काढला आणि ही बया दुसऱ्या बाजूने वळसा घालून पसार! लेकीने तेवढाच तुकडा सहा वेळा मागे नेऊन पाहिला.

ब्राझीलमधल्या दोइस रिआशोस या लहानशा गावची ही पोर. बायकांनी फुटबॉल खेळायचा नाही, असा तिथे १९४१ पासून १९७९ पर्यंत चक्क सरकारी हुकूम होता. मार्ता जन्मली १९८६ ला. हुकूम गेला, पण लोकांच्या जिभा कुठे जातात? चौदाव्या वर्षी बसने रिओ गाठलं. २०१९ मध्ये इटलीविरुद्ध पेनल्टीवर विश्वचषकातला सतरावा गोल मारला आणि जर्मनीच्या क्लोजाचा १६ गोलांचा पुरुषांचा विक्रमही मागे टाकला. फिफाची सर्वोत्तम खेळाडू सहा वेळा. विश्वचषक मात्र एकदाही नाही. मला ते अजून टोचतं.

आत्ता रात्रीचे साडेदहा. लेक हॉलमध्ये उशीला वळसे घालतेय. खालच्या काकूंची माफी मागायला उद्या मलाच जावं लागणार.