मामी कशाला लागते

परभणी, शनिवार, १५ मे २०२१

चौतीस तरी होते, काल भाचीच्या लग्नात. घरी बसून मोबाइलवर बघता बघता मी मोजले. गुरुजी आणि फोटोवाला सोडून. तिकडं ज्याच्या हातात मोबाइल होता त्याचा हात एक मिनिट स्थिर नव्हता, तरी जेवढी डोकी दिसली तेवढी मोजली, आणि दोनदा दिसलेली हिरव्या साडीवाली एकदाच धरली. चौतीस.

काल रात्री झोप नाही ती यापायीच. पंचविसात माझा नंबर लागला नाही, ठीक आहे. कोरोनाचा नियमच आहे तसा. २२ एप्रिलपासून लग्नाला २५ माणसं, एकच हॉल, दोन तासांत उरका, नाही तर ५० हजार दंड. त्याला कोण काय करणार. पण चौतिसात पण नाही?

ताईंचा फोन आला तेव्हाच मी जरा आढेवेढे घ्यायला पाहिजे होते. "काय सांगू तुम्हाला वहिनी, याद्या करू करू जीव गेला माझा. भाऊला तर यावंच लागंल, मामा लागतोच विधीला." एवढं बोलून त्या गप्प. मग मीच म्हणून टाकलं, "हो हो, मामा पाहिजेच. आमचं काय, आम्ही मोबाइलवर बघू." तिकडून असा मोठा श्वास सोडल्याचा आवाज आला! "तुम्ही समजून घेता म्हणून बरंय बाई," म्हणाल्या. समजून घेणाऱ्या माणसाला खुर्ची लागत नाही, हे आपल्याकडे फार आधीपासून ठरलेलं आहे.

फेब्रुवारीत कुंकू लागलं तेव्हा पाचशे पानांची बोलणी होती. आचारी सांगून झाला होता. मार्चमध्ये पन्नासावर आलं, एप्रिलमध्ये पंचविसावर. गुरुजी पंचविसात धरायचे की बाहेर, यावर दोन्ही व्याह्यांचं फोनवर चांगलंच वाजलं म्हणे. शेवटी तिकडचे तेरा आणि आपले बारा असं ठरलं. बारात कोण कोण बसवणार? आई-बाप, भाऊ, आजी, काका, आत्या, करवली. मामा नवरीमागं उभा राहतो म्हणून मामा. मामी कुठंच उभी राहत नाही. एरवी हे कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण मांडवात मामी कायम घाईत असते. कुणाच्या लेकराला पाणी दे, आहेराच्या पिशव्या सांभाळ, कुणाला पंगतीला बसव. पाचशे माणसांतच तिचं काम. माणसंच काढून टाकल्यावर मामी कशाला लागते?

हे सगळं मला पटतं. म्हणूनच जास्त राग येतो.

आणि शालू मी निवडलाय! आमच्याच दुकानातून बस्ता, आणि तोही कसा, तर शटर अर्धं खाली. कापड अत्यावश्यक नाही ना. किराण्याला सकाळी सात ते अकरा, आम्हाला काहीच नाही. बाहेर गाडीवर पोरगं बसवलं होतं, कुणी येताना दिसलं की हॉर्न वाजवायचा. आत दिवे बंद, पंखा बंद. जगात जर्मनी अन् भारतात परभणी म्हणतात, पण मे महिन्यात बंद शटरच्या आत दहा मिनिटं बसून बघावं, मग म्हणावं काय म्हणायचं ते. मोबाइलच्या टॉर्चवर मी गठ्ठे सोडू लागले. टॉर्चच्या उजेडात मोतिया पण पिवळा दिसतो आणि राणी पण लाल. पोरगी हुशार. गुडघ्यावर बसली आणि शालूचा पदर शटरखालून बाहेर सारून उन्हात धरला. तेवढाच वीतभर काठ रस्त्यावर. "मामी, खरा रंग हाय हा," म्हणाली. तिथंच पक्का झाला. त्या वेळी तिला ओवाळावंसं वाटलं मला. काल त्या शालूचा एक खांदा तेवढा दिसला स्क्रीनवर, बाकी हे आणि ह्यांचा टॉवेल.

धंद्याचं तर बोलायलाच नको. कापडाची वर्षाची कमाई दोन महिन्यांच्या लग्नसराईत. मागच्या वर्षी २४ मार्चला रात्री आठला टीव्हीवर २१ दिवस ऐकलं, तेव्हा हे म्हणाले, एप्रिलच्या मध्यात उघडंल, बस्ते मे महिन्याचेच असतात. मग ३ मे झालं, १७ मे झालं, ३१ मे झालं. एक सीझन गेला. हा दुसरा. सुरतेचा माल गोडाऊनला पडून आहे, व्यापाऱ्याचे फोन येतात ते हे गच्चीवर जाऊन घेतात. बँकेचं पण... जाऊ दे.

परवा परत वाढवलं, १ जूनला सकाळी सातपर्यंत. कुणी चिडलं पण नाही. मागच्या वर्षी २२ मार्चला याच गल्लीत संध्याकाळी पाचला थाळ्या वाजवल्या होत्या आम्ही, सासूबाईंनी तर तांब्याची परात फोडायची बाकी ठेवली होती. आता तारीख वाढली की लोक नुसतं "बरं" म्हणतात. ते 'बरं' ऐकवत नाही मला. दुकानातला पोऱ्या बरं म्हणतो, त्याला अर्धा पगार. लेकरू बरं म्हणतं, त्याची दहावीची परीक्षाच रद्द झाली, काय शिकलं, किती शिकलं, कोण विचारतंय. आणि मी पण ताईंना बरंच म्हटलं.

पण एवढं लागायला नको होतं मला. गेल्या महिन्यात इथल्या जिल्हा रुग्णालयात ऑक्सिजनच्या पाइपलाइनवर झाडाची फांदी पडली, रात्रीची सगळी पळापळ, माणसं वाचली म्हणून. अंत्यविधीला २० माणसांचा नियम आहे, त्या विसाची यादी आमच्या माहेरी पण झाली होती मार्चमध्ये. त्याबद्दल नाही लिहिणार आज. आणि मागच्या वर्षी ८ मेला करमाडजवळ रुळावर झोपलेले ते १६ मजूर. जालन्याच्या स्टीलच्या कारखान्यातून पायी निघाले होते, भुसावळहून गाडी मिळेल म्हणून, पार मध्य प्रदेशात जायचं होतं. रुळांवर पडलेल्या त्या पोळ्यांचा फोटो किती दिवस डोळ्यांपुढून गेला नव्हता. आमच्या परभणीवरून जाते तीच लाइन ती. या सगळ्यापुढं मला लग्नाला बोलावलं नाही, हे काय घेऊन बसले मी?

तरी चौतीस होते.

काल अक्षय तृतीया आणि ईद एकाच दिवशी आली. दोन्ही सण दाराआड. समोरच्या भाभींचा सकाळी फोन, "भाभी, डब्बा गेट को टांगी हूँ, ठंडा होने के पहले ले लो." दार उघडून बघते तर त्या पलीकडच्या ओट्यावर उभ्या, नवीन ओढणी, मास्क. एरवी ईदला त्यांच्या घरी बसून शीरखुर्म्याच्या दोन वाट्या झाल्याशिवाय त्या उठू द्यायच्या नाहीत. डबा रिकामा कसा द्यायचा, म्हणून आमरस भरला आणि तसाच त्यांच्या गेटला अडकवून आले. मग दोघी आपापल्या ओट्यावर उभ्या राहून रस्त्याच्या दोन बाजूंनी ओरडून बोललो, सगळ्या गल्लीनं ऐकलं. त्यांच्याही भावाच्या घरचं काहीतरी होतं बहुतेक, डोळे सुजलेले वाटले. विचारायचं राहिलं. ओरडून कसं विचारणार?

मुहूर्ताच्या वेळी मी साडी नेसून बसले, हे सांगायला लाज वाटते, पण नेसले. काठपदराची. ज्वारीच्या अक्षता रंगवल्या, सासूबाईंच्या हातात दिल्या, लेकराच्या हातात दिल्या. मोबाइल तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवला. लेकरू म्हणतं, "आई, मोबाइलवर टाकू नको, स्पीकरमध्ये ज्वारी जाईल." पहिल्या मंगलाष्टकेला आवाज आला, दुसरीला नुसतं चित्र, तिसरीला 'साव' वर अडकलं ते अडकलंच. ह्यांचं तोंड अर्धं उघडं, मास्क हनुवटीवर, टोपी तिरकी. तसाच चेहरा किती वेळ स्क्रीनवर. सासूबाईंनी वाट बघून बघून त्याच्यावरच अक्षता टाकल्या. परत चालू झालं तेव्हा टाळ्या वाजत होत्या आणि कुणीतरी फोन फिरवून सगळा हॉल दाखवत होतं. तेव्हाच मोजलं मी.

हे दुपारी आले, हातात बुंदीचा डबा. मी पाणी देता देताच विचारलं, "किती माणसं होती?"

"पंचवीस."

"चौतीस होती."

"मी काय डोकी मोजायला गेलो होतो का?"

"ती हिरव्या साडीवाली कोण?"

"ताईच्या शेजारची. आचारी मिळाला नाही, सगळा स्वयंपाक तिनंच केला."

बरं, ती वजा. "आणि मागं भिंतीला टेकून उभा होता तो, निळ्या शर्टाचा?"

"तो मोजायला आला होता. माणसं जास्त तर नाहीत ना ते बघायला. त्यालाच म्हटलं बसा, जेवा. जेवला बिचारा."

मला हसूच आवरेना. सासूबाई आतून विचारतात, काय झालं, काय झालं. मोजायला आलेला माणूस पण पंगतीत, आणि त्याला पण मीच मोजलं! त्यानं किती मोजले असतील? स्वतःला धरून की सोडून? ड्रायव्हर दोघं होते म्हणे, एक हॉलवाला, एक त्याचं पोरगं. असं करत करत मी अठ्ठावीसपर्यंत खाली आणलं. उरलेले तीन कोण, ह्यांना आठवेना. आठवत नाही की आठवायचं नाही, हे अठरा वर्षांत मला ओळखता यायला पाहिजे होतं.

बुंदी मात्र चांगली झालीय. हिरव्या साडीवालीच्या हाताला चव आहे.

आज सकाळी ताईंचा फोन. नवरीपेक्षा शालूचंच जास्त कौतुक. "वहिनी, लई शोभला बघा, तिकडच्या बायका विचारायल्यात कुठून घेतला म्हणून. शटर उघडलं की पाठवते सगळ्यांना तुमच्याकडं." मग आवाज बारीक करून, "मांडवपरतणीला तुम्ही यायचंच. तुमच्याशिवाय काही करायची नाही मी."

हे समोरच बसले होते पेपर धरून. पान उलटायचं थांबले.

"१ जूनला काय नवीन निघतंय ते बघू ताई," मी म्हटलं. "माझ्यामुळं तुमची यादी नको वाढायला. आणि आलेच, तर त्या मोजणाऱ्याच्या शेजारी बसते."

तिकडं जरा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाल्या, "हॅलो, वहिनी? रेंज नाही वाटतं."