भैरवीच्या आधी

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. "इतकी वर्षं गाणं ऐकताय आणि भैरवीला तुम्ही हमखास जागेवर नसता, असं कसं?" भैरवी म्हणजे मैफल संपवणारी शेवटची चीज. शिवाजी पार्कच्या एका बाईंनी हे विचारलंय, पार्ल्याच्या एका काकांनी विचारलंय, परवा भाचीनेही विचारलं. विचारणारे सगळे कार्यक्रम संपल्यावर अर्ध्या तासात घरी पोचणारे, हे मुद्दाम नोंदवते. कल्याण-बदलापूरच्या कुणी मला हे कधी विचारलेलं नाही. ते माझ्या पुढे जिना उतरत असतात.

गाडी. एवढंच उत्तर मी आजवर देत आले आणि ते खोटं नाही. व्हीटीहून डोंबिवली फास्ट गाडीनेही तासाच्या वर. त्याआधी नरिमन पॉइंटहून स्टेशन गाठायचं, नंतर रिक्षाची रांग. शेवटची कर्जत बारानंतर सुटते हे मलाही ठाऊक आहे, कृपा करून सांगू नका. रात्री अकरानंतर बायकांचे काही डबे सगळ्यांना खुले होतात आणि '२४ तास महिलांसाठी' लिहिलेला डबा नेमका आपण उभ्या असतो त्याच्या दुसऱ्या टोकाला येतो. हल्ली रात्री त्या डब्यात पोलीस असतो. मी गाणं ऐकायला लागले तेव्हा नसायचा. त्यामुळे माझी गाडी शेवटची कधीच नव्हती. तिच्या आधीची, जमलं तर त्याच्याही आधीची.

उठून जाण्यात मानाचं काही नसतं, हेही मान्य. नरिमन पॉइंटच्या एनसीपीएचं, म्हणजे नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्सचं, टाटा थिएटर १९८० मध्ये सुरू झालं. त्याचं ध्वनिशास्त्र सिरिल हॅरिस यांनी असं बसवलंय की माइकशिवायचा तानपुरा शेवटच्या रांगेत पोचतो. माझ्या पर्सची चेनही पोचते. तिथे मी चेन उघडी ठेवून बसते.

यातून माझ्या ऐकण्याला एक विचित्र आकार आला. यमन, मारवा, पूरिया धनाश्री हे संध्याकाळचे राग मी भरपूर ऐकले. उशिरा रात्रीचे मालकंस, दरबारी फार कमी, आणि तेही बहुतेक विलंबितापर्यंतच, म्हणजे सुरुवातीच्या संथ लयीच्या भागापर्यंत. माझ्यासाठी रात्र दहाच्या आसपास संपायची. पुढे २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, उघड्यावरचे लाउडस्पीकर दहाला बंद झाले. धोबीतलावचं रंगभवन, जिथे जॅझ आणि रॉक ऐकायला मुंबई लोटायची, ते तर आसपासच्या कॉलेज-हॉस्पिटलांमुळे शांतता क्षेत्रात गेलं आणि गप्पच झालं. "आता ते रात्रभराचं गाणं राहिलं नाही" म्हणून लोक हळहळले. मी हळहळले नाही. सगळेच माझ्या वेळापत्रकावर आले म्हणून मला, खरं सांगायचं तर, थोडं बरं वाटलं.

एकदा थांबले होते. ते कुणाला सविस्तर सांगितलेलं नाही.

ऐंशीच्या दशकाची अखेर. दादरमधला छोटा हॉल, सतरंज्यांवर बैठक. गायक मोठे होते, नाव घेणार नाही. बागेश्री अशी जमली होती की घड्याळाकडे बघायचं मी दोनदा विसरले. द्रुत, म्हणजे रागातली शेवटची जलद बंदिश, संपली, टाळ्या वाजल्या. तानपुरे लावून घेईपर्यंतची फट हीच माझी नेहमीची वेळ. मी उठले, पदर खोचला, पायांमधून वाट काढत भिंतीपाशी आले आणि माइकवरून आवाज आला, "बाई, गाडी दुसरी मिळेल. हे पुन्हा मिळायचं नाही."

लोक हसले. कुणीतरी समेवर द्यावी तशी "वा!" अशी दाद दिली. दोन पुरुष माझ्या आधीच उठून दाराबाहेर चपला शोधत होते. त्यांना कुणी काही म्हणालं नाही.

मी खाली बसले. का बसले हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. गाण्यासाठी नक्कीच नाही. सगळ्यांसमोर उभं राहवेना म्हणून बसले. घरी चार वर्षांची मुलगी, सासूबाई आणि दुसऱ्या दिवशी पहिली पाळी असलेला नवरा. फोन खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे. तो रात्री वाजवायचा तर घरात कुणी गेलं असेल तरच.

मग ठुमरी झाली. मग फर्माईश आली म्हणून नाट्यपद. मग भैरवी. माझ्या शेजारच्या बाई पदराने डोळे पुसत होत्या. मी दादर, कुर्ला, घाटकोपर, मुलुंड, ठाणे असं मनात मोजत होते, पुन्हा पहिल्यापासून. त्या भैरवीचे शब्द मला आठवत नाहीत. ठेकाही आठवत नाही.

खाली उतरले तेव्हा एक वाजून गेला होता. दुसरी गाडी मिळाली, पहाटेची. मधले तास दादर स्टेशनवर बाकावर काढले, पर्स पोटाशी धरून. साडेतीनच्या सुमारास फुलवाल्या बायका टोपल्या घेऊन उतरायला लागल्या, तेव्हा कुठे पाठ टेकली. त्यातल्या एकीने विचारलं, "गावाला निघालीस?" मी हो म्हटलं.

घरी पोचले तर नवरा रात्रीतून दोनदा स्टेशनवर जाऊन आलेला. तो काही बोलला नाही, आंघोळीला गेला. सासूबाईंनी चहा पुढे ठेवला आणि विचारलं, "गाणं चांगलं झालं का?" त्यांनी ते खोचून विचारलं की खरंच, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. त्या तशा बाई होत्या की दोन्ही शक्य होतं. मला उत्तर देता आलं नाही. त्यानंतर बराच काळ मी कुठे गेलेच नाही.

गंमत अशी, की त्या रात्रीची भैरवी नावाजली गेली. अजूनही जुनी मंडळी भेटली की विषय निघतो. "तुम्ही होतात ना? काय भाग्य!" मी मान हलवते.

पुढे पुन्हा जायला लागले तेव्हा माझ्याकडे एक सिद्धांत तयार होता. राग विलंबितात सांगून झालेला असतो, भैरवी हा केवळ उपचार. निम्मे लोक तेव्हा चपलांचाच विचार करत असतात, मी फक्त प्रामाणिकपणे उठते. हे मी मैत्रिणींना इतक्या ठसक्यात सांगायचे की दोघीतिघींना पटलंही होतं. आज त्या तिशीतल्या बाईला विचारावंसं वाटतं, तू ऐकलीस कधी गं? पण ती लगेच म्हणेल की तू तरी आता कुठे थांबतेस, आणि तिथे माझं तोंड बंद होतं.

तरी अगदीच कोरी नाही मी. प्रभादेवीला पु. ल. देशपांडे अकादमीत 'प्रातःस्वर' असायचं, सकाळी साडेसहाला. षण्मुखानंदमध्ये ३ फेब्रुवारीला तबलानवाज उस्ताद अल्लारखाँच्या बरसीचा, म्हणजे पुण्यतिथीचा, पहाटेचा कार्यक्रम. अशा ठिकाणी मी शेवटपर्यंत बसले आहे. भैरवी मुळात सकाळचीच, तेव्हा तिच्या खऱ्या वेळेला ऐकली असंही म्हणता येईल. परतताना रविवारचा मेगाब्लॉक लागायचा आणि ठाण्याला ताटकळायला व्हायचं, पण दिवसाउजेडी ताटकळण्याचं मला कधी काही वाटलं नाही.

आता भाचीच्या प्रश्नाकडे येते, कारण तिने नेमकं तेच धरलं. मी निवृत्त झाले. मुलगी परदेशात. सासूबाई नाहीत. नवरा किल्ली घेऊन झोपतो आणि मी कधी आले ते त्याला सकाळी कळतं. फोनवर टॅक्सी येते. भाची वडाळ्याला राहते आणि मुक्कामाला बोलावते. आणि परवा तर कार्यक्रम आमच्या डोंबिवलीतच होता, सावित्रीबाई फुले कलामंदिरात, घरापासून रिक्षाच्या अंतरावर. तिथेही द्रुत संपल्याबरोबर माझे पाय चपलांकडे गेले. भाचीने हात धरला. "मावशी, इथे कुठली गाडी?"

मी म्हटलं, घरडा सर्कलला ट्रॅफिक लागतो. तिला ते पटलं नाही. मलाही नाही. तिचं म्हणणं, त्या रात्रीची धास्ती बसली आहे. धास्ती असती तर छाती धडधडली असती. मी तर चांगली झपझप उतरते, आणि लॉबीत आले की दारामागून पुढची चीज थोडा वेळ ऐकतेसुद्धा. कदाचित कुणी उठू नका म्हणायच्या आत उठायला मला आवडत असेल. कदाचित एवढंही नसेल, नुसती सवय असेल.

पुढच्या महिन्यात एनसीपीएला तिच्याबरोबर जायचंय. तिकिटं तिने काढलीत, माझ्यासाठी कडेची खुर्ची मीच मागून घेतली. शेवटपर्यंत बसायचं कबूल कर म्हणत होती. मी म्हटलं, गाणं कसं होतंय ते बघू.