ढकलत ढकलत ओल्ड घोस्ट रोड

घोस्ट लेक हट, रात्र

हेडटॉर्चच्या उजेडात लिहितेय. बाहेर वारा सुटलाय. हटच्या, म्हणजे वाटेवरच्या मुक्कामाच्या झोपडीच्या, आत सगळ्यांचे मोजे वाळत टाकलेत, त्यांच्या वासाबद्दल न लिहिलेलंच बरं.

काल सायकली घेऊन ओल्ड घोस्ट रोड या डोंगरवाटेवर निघालो, लायलहून. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरचं हे एकेकाळचं सोन्याच्या खाणींचं गाव. आता तिथे तंबू ठोकायची मोकळी जागा आणि झाडीतली जुनी दफनभूमी, एवढंच उरलंय. तिथून लायल सॅडल या खिंडीपर्यंत 18 किलोमीटर सलग चढ. वाट खाणकामगारांची जुनी, त्यामुळे चढ अंगावर येत नाही, पण संपतही नाही. नवरा प्रत्येक वळणावर "आलंच आता" म्हणत होता. शेवटी मी म्हटलं, "तू हो पुढे, आणि आलं तरी मला सांगू नकोस."

त्या खाणकामगारांना लायलपासून मोकिहिनुई नदीच्या खोऱ्यात रस्ता न्यायचा होता. दोन्ही टोकांकडून काम सुरू झालं, मधला डोंगर तसाच राहिला, सोनं आटलं आणि माणसं पांगली. पुढे सव्वाशेहून अधिक वर्षांनी एका स्थानिक ट्रस्टनं स्वयंसेवक जमवून तो जोडला. 2015 च्या डिसेंबरात 85 किलोमीटरची सलग वाट खुली झाली. ज्यांना पोटासाठी हवी होती त्यांना ती मिळाली नाही. आम्ही रजा टाकून, वर हटचे पैसे मोजून तिच्यावर धापा टाकतोय. आज झाडी संपून उघडा कडा लागला तेव्हा हे मनात आलं. थोडं हसू आलं, थोडं ओशाळायलाही झालं.

कड्यावर वाट अरुंद, एका बाजूला सरळ दरी. काही वळणांवर मी उतरून चालले. मागून आलेला एक तरुण तिथूनच सुसाट गेला. जाऊ दे. ढकललेलं अंतरही अंतरच असतं.

स्टर्न व्हॅली हट

घोस्ट लेकच्या पुढे धारेवरून खाली लाकडी पायऱ्या आहेत. एवढ्या की मोजायचा नाद सोडला. तिथे सगळेच सारखे, सुसाटवालेसुद्धा. एक हात ब्रेकवर, एक सीटवर, आणि पॅडल दर पायरीला नडगीवर. संध्याकाळी नवऱ्यानं आपली नडगी दाखवली, मी माझी.

हटमध्ये गॅस, भांडी, गाद्या असतात, त्यामुळे ओझं कमी. घरून फोडणीचे पोहे कोरडेच परतून आणलेत. वर उकळतं पाणी, पाच मिनिटं झाकण. शेजारच्या बाकावरच्या बाई पाकिटातला वाळवलेला मटणाचा रस्सा ढवळत होत्या. त्यांनी चमचाभर पोहे चाखले आणि मग सरळ वाटीच पुढे केली. दाण्याची चटणी मात्र मी राखून ठेवली, अजून एक रात्र आहे.

मला हटवरून हटवर जाणं आवडतं ते यासाठीच. दिवसाचा निर्णय एकच, पुढचं छप्पर गाठायचं. परत फिरणं तितकंच लांब, म्हणून तो विचारही येत नाही. घरी रविवारी सायकल काढते तेव्हा प्रत्येक चौकात परतीचा रस्ता दिसतो आणि निम्म्या वेळा मी तो घेते.

स्पेसिमेन पॉइंट

सकाळी बोनयार्डचा चढ. दगडांचा नुसता खच, त्यातून वर चढणारी वळणं. जवळच्या दोन तळ्यांची नावं ग्रिम आणि चिअरफुल. आम्ही दोघं एकेका तळ्याच्या स्वभावाचे आहोत, कोण कुठलं ते ढकलताना ठरलं.

त्यानंतर मात्र लांबच लांब उतार आणि रान. आता खाली मोकिहिनुई. हिच्यावर 85 मीटर उंचीचं धरण होणार होतं. विरोध झाला आणि 2012 साली वीज कंपनीनं योजना गुंडाळली. धरण झालं असतं तर उद्याची वाट पाण्याखाली असती. आज नदीत पाय सोडून बसले, पण सँडफ्लाय, म्हणजे चावऱ्या बारीक माश्या, फार बसू देत नाहीत. घोटे सुजलेत.

वाटेच्या शेवटी असलेल्या सेडनव्हिलपर्यंत 17 किलोमीटर, नदीकाठानं. नवऱ्याला सकाळी लवकर निघायचंय, त्याच्या डोक्यात गरम चिप्स आहेत. मी नऊच्या आधी निघणार नाही, असं सांगून टाकलंय.