जेम्स कार आणि रक्तपेढीवाला

सोल संगीताचं, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या गाण्याच्या एका प्रकाराचं, नाव काढलं की लोक ओटिस रेडिंगवर येऊन थांबतात. थोडे जाणकार असतील तर सॅम कुक, अल ग्रीन. जेम्स कारपर्यंत फारसं कुणी पोहोचत नाही आणि पोहोचलंच तर त्याच्या आजारपणाच्याच कहाण्या सांगत बसतं. त्या खऱ्या आहेत, पण त्याआधी, 1964 ते 1967 या काळात, या माणसाने अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात जे गाऊन ठेवलंय त्यावर कुणीतरी मराठीत लिहायला हवं होतं. कुणी लिहीत नाही म्हटल्यावर आपणच बसलो.

माझा या सगळ्याशी संबंध काय, असं बायकोही विचारते. संबंध असा, की मी पुण्यात रक्तपेढीत टेक्निशियन होतो. नोकरीचा बराचसा काळ रात्रपाळीत गेला. आणि जेम्स कारला पुढे आणणारा माणूसही रक्तपेढीतलाच होता.

रूझवेल्ट जेमिसन त्याचं नाव. मेम्फिसमध्ये तो रक्तपेढीत काम करायचा आणि उरलेल्या वेळात गॉस्पेल, म्हणजे चर्चमधली भक्तिगीतं, गाणाऱ्या मंडळींची कामं बघायचा. हार्मनी एकोज नावाचा त्याच्याकडचा एक संच होता. हे संच म्हणजे साधारण आपली भजनी मंडळंच: आठवडाभर मोलमजुरी, रविवारी चर्चमध्ये गाणं. त्यातच जेम्स कार गायचा. जन्म 1942चा, मिसिसिपी राज्यातल्या कोआहोमाचा. घर बाप्टिस्ट धर्मोपदेशकाचं. लहानपणीच मेम्फिसला आला. पोटासाठी कारखान्यात टेबलं जुळवायचं काम करत होता. आणि तालीम कुठे, तर रक्तपेढीच्या मागच्या खोलीत.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ती खोली लगेच दिसली. रक्तपेढीची मागची बाजू म्हणजे पिशव्यांची खोकी, रजिस्टरांचे गठ्ठे आणि फ्रीजची घूं घूं. रक्त 2 ते 6 अंशांत ठेवावं लागतं, त्यामुळे तो कॉम्प्रेसर कधी गप्प बसतच नाही. रात्री दोन वाजता, क्रॉसमॅचचं, म्हणजे दात्याचं रक्त रुग्णाला जुळतं का ते बघायचं, काम उरकल्यावर, मी त्याच आवाजाला षड्ज धरून गुणगुणायचो. जेमिसनच्या पोरांनी धरला असेल की नाही देव जाणे.

त्या खोलीत गाणारा दुसरा एक होता, ओ. व्ही. राइट. त्याचा किस्सा सांगितल्याशिवाय कारचा पुढे सरकत नाही. जेमिसनने स्वतः एक गाणं लिहिलं होतं, ‘दॅट्स हाउ स्ट्राँग माय लव्ह इज’. रक्ताचे नमुने तपासणारा माणूस असं गाणं लिहितो! (आमच्याकडे एक बाई चारोळ्या करायच्या. असो.) 1964 साली एका मध्यरात्री जेमिसन, राइट आणि कार असे तिघं एक टेपरेकॉर्डर घेऊन क्विंटन क्लाँच नावाच्या गोऱ्या गृहस्थाच्या दारात उभे राहिले. 1964 सालचं मेम्फिस, मध्यरात्र, आणि गोऱ्याच्या दारावर तीन काळी माणसं! आज वाचतानाही पोटात कसंसंच होतं. क्लाँचने दार उघडलं, त्यांना आत घेतलं आणि दिवाणखान्यात फरशीवर बसून सगळ्यांनी टेप ऐकली.

हा क्लाँच कुणी मोठा कंपनीवाला नव्हता. पोटापाण्यासाठी हार्डवेअरचा माल विकायचा. त्याआधी सन रेकॉर्ड्समध्ये गिटार वाजवलेली, हाय रेकॉर्ड्स सुरू करण्यातही हात. त्याचा भागीदार डॉक रसेल औषधविक्रेता. म्हणजे बघा: एक हार्डवेअरवाला, एक केमिस्ट आणि एक रक्तपेढीवाला. अशा मंडळींनी गोल्डवॅक्स नावाचं लेबल, म्हणजे रेकॉर्ड कंपनी, चालवलं. आपल्याकडे या तिघांनी मिळून फार तर गणेशोत्सवाची वर्गणी गोळा केली असती.

राइटच्या आवाजात या गाण्याची रेकॉर्ड निघाली, चालायला लागली, आणि टेक्सासचा डॉन रोबी करारपत्र घेऊन हजर! राइट आधी रोबीच्या पीकॉक लेबलवर गॉस्पेल गायला होता, त्यामुळे माणूस आमचा, असा दावा. राइट गेला. गाणं ओटिस रेडिंगने उचललं, वर्ष उलटलं नाही तोच रोलिंग स्टोन्सनीही. गोल्डवॅक्सच्या हातात उरला जेम्स कार.

त्याची पहिली रेकॉर्ड 1964ची, ‘दि ओन्ली फूल इन टाउन’. प्रामाणिकपणे सांगतो, ती आणि पुढच्या दोन-तीन रेकॉर्ड्स ऐकल्या नाहीत तरी काही बिघडत नाही. गळा आहे, दमसास आहे, पण गाणं कुणाचंही असू शकतं. कुठे सॅम कुक डोकावतो, कुठे बॉबी ब्लँड. गोल्डवॅक्सकडे स्वतःचा स्टुडिओही नव्हता. त्याच गावात ओटिसच्या स्टॅक्स लेबलकडे स्टुडिओ, स्वतःचे वादक, पाठीशी अटलांटिकसारखी कंपनी, आणि इकडे दर वेळी दुसऱ्याचा स्टुडिओ भाड्याने घ्यायचा. ओटिस मोठा आणि कार मागे, याचं निम्मं कारण मला इथेच दिसतं.

1966मध्ये ‘यू हॅव गॉट माय माइंड मेस्ड अप’ आलं आणि आर अँड बीच्या, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या लोकप्रिय गाण्यांच्या, यादीत सातव्या क्रमांकावर गेलं. हे गाणं लिहिलं ओ. बी. मॅक्लिंटनने, जो पुढे चक्क कंट्री गायक झाला. लोकांना यात ओटिस ऐकू येतो. मलाही येतो, पण पहिल्या कडव्यापुरता. नंतर कार जे करतो ते ओटिस करत नाही. ओटिस शब्दाला धक्के देतो, तोडतो, पुन्हा जोडतो. कार शब्द धरून ठेवतो. त्याच वर्षी आलेल्या ‘पोअरिंग वॉटर ऑन अ ड्राउनिंग मॅन’मध्ये ते आणखी स्पष्ट होतं. बुडणाऱ्याच्या अंगावर वर आणखी पाणी ओततेस, अशी तक्रार आहे, पण हा माणूस तक्रार करताना आवाज चढवतच नाही.

आणि मग ‘दि डार्क एंड ऑफ द स्ट्रीट’. मला हे गाणं आधी भेटलं ते 1991च्या ‘दि कमिटमेंट्स’ या चित्रपटाच्या कॅसेटमधून. मेहुण्याने कॅम्पातून आणली होती. मूळ गायकापर्यंत पोहोचायला घरात इंटरनेट यावं लागलं. या गाण्याची जन्मकथा प्रसिद्ध आहे. नॅशव्हिलमध्ये रेडिओवाल्यांचं संमेलन, चिप्स मोमन आणि डॅन पेन हे दोघे गीतकार पत्ते खेळत बसलेले. मध्ये डाव थांबला तेव्हा गाणं सुचलं. लिहायला खोली हवी, म्हणून क्लाँचची हॉटेलातली खोली मागितली. क्लाँच म्हणाला, घ्या, पण गाणं जेम्स कारला द्यायचं. अर्ध्या तासात गाणं तयार. मोमनच्या स्टुडिओतली यंत्रं नेमकी बिघडलेली, म्हणून ते रॉयल स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालं. 1967 साली त्याच यादीत दहाव्या क्रमांकावर गेलं.

चोरून भेटणाऱ्या दोघांचं गाणं आहे. सुरुवातीला थरथरती गिटार, आणि लगेच कारचा आवाज, खालच्या पट्टीत, कुणी ऐकेल की काय अशा बेताने. मागे बायकांचा नुसता हुंकार. शेवटी तो म्हणत राहतो, की कधीतरी ते आपल्याला शोधून काढतीलच. तिथे एखादा गायक टाळ्या घेण्यासाठी तार सप्तकात गेला असता. कार जायला निघतो आणि अर्ध्यातून परत येतो. अडीच मिनिटांत गाणं संपतं. नंतर अरेथा फ्रँकलिनने गायलं, लिंडा रॉन्स्टाटने गायलं, पण या परत येण्याच्या जागेला कुणी हात लावलेला नाही.

रात्रपाळीला माझ्याबरोबर इंदापूरकडचा एक मुलगा असायचा, घरात वारकरी परंपरा, स्वतः पखवाज वाजवणारा. टाइलवर ब्लड ग्रुप बघत होता, एका थेंबात निळं अँटी-ए, दुसऱ्यात पिवळं अँटी-बी. काडीने थेंब ढवळता ढवळता मोबाईलवरचं हे गाणं ऐकून म्हणाला, “सर, हा माणूस रडत का नाही?” मी म्हटलं, “रडला तर पकडले जातील ना.” त्याने टाइल उजेडात तिरकी धरली, गुठळ्या बघितल्या, “बी ग्रुप” म्हणून रजिस्टरमध्ये लिहिलं आणि गाणं पुन्हा लावायला सांगितलं. एवढी दाद मला सवाईतही कुणी दिलेली आठवत नाही.

पुढचं थोडक्यात. मनाच्या आजाराने कारला घेरलं, साठचं दशक संपता संपता गोल्डवॅक्सही संपलं. 1979च्या जपान दौऱ्यात औषधांच्या अंमलाखाली तो मंचावर नुसता उभा राहिला. नव्वदच्या दशकात क्लाँचने पुन्हा त्याच्याकडून गाऊन घेतलं. ते मी एकदाच ऐकलं, पुन्हा ऐकणार नाही. 2001च्या जानेवारीत फुप्फुसाच्या कर्करोगाने कार गेला, वय अठ्ठावन्न. जेमिसन 2013पर्यंत होता, क्लाँच 2021मध्ये गेला, नव्व्याण्णव वर्षांचा होऊन.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी माइंड मेस्ड अपच्याच नावाने निघालेली त्याची पहिली एलपी शोधा, सहज मिळते. फक्त मोबाईलच्या स्पीकरवर ऐकू नका. आम्ही ऐकायचो, नाइलाज होता. त्या खालच्या स्वरांचं पार वाटोळं होतं.