कागदी वाडा आणि कूलर

नागपुरातल्या महाल भागातला आमचा वाडा पाडायचं ठरलं, तेव्हा दर्शनी भिंतीचे फोटो काढून ठेवले होते. त्यावरून वाड्याची छोटी कागदी प्रतिकृती करायला घेतली. फोटोत दारापाशी कुणाची तरी मोटारसायकल उभी. कॉम्प्युटरवर ती पुसून शेजारच्या भिंतीचा रंग तिथं ओढला. प्रमाण १:५०, म्हणजे खरा एक मीटर तर कागदावर २ सेंटिमीटर. नऊ मीटरची भिंत १८ सेंटिमीटर होते, ए-फोरवर आरामात मावते.

बर्डीच्या बाजारातून प्रिंट आणली. "पानावर बरोबर बसवून दिलं भाऊ," दुकानदार म्हणाला. तिथंच घोळ झाला. कोपऱ्यात मी १० सेंटिमीटरची रेघ मुद्दाम काढली होती, ती ९.७ भरली. शंभर टक्के साइज सांगून पुन्हा छापावी लागली.

दोन मिलिमीटरच्या पुठ्ठ्यावर फेविकॉलनं प्रिंट चिकटवली. मे महिना, कूलर रात्रभर चालू. सकाळी भिंत पापडासारखी वळलेली! कागद ओला झाला की फुगतो, वाळताना आक्रसतो आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो. वर कूलरची दमट हवा. दुसऱ्यांदा मागच्या बाजूनंही कोरा कागद लावला, तोही लगेच, गोंद ओला असतानाच. कागद ज्या दिशेनं सहज वाकतो ती दिशा दोन्हीकडे सारखी ठेवली आणि जाड पुस्तकांखाली दाबून ठेवला. कूलर बंद.

"कूलर कायले बंद केला रे?" आई पदरानं वारा घेत विचारत होती.

खांब साध्या जाड कागदाचे. रिकाम्या बॉलपेननं पट्टीला धरून रेघ दाबली की घडी धारदार येते. कापलेल्या पांढऱ्या कडा मात्र फार डोळ्यात खुपतात, त्या रंगपेन्सिलीनं झाकल्या.

वाड्याच्या भिंती दोन फूट जाड होत्या, म्हणजे इथं १२ मिलिमीटर. खिडक्या कापून आत पुठ्ठ्याच्या पट्ट्या उभ्या केल्या, तेव्हा कुठे सावली पडली. छपाईचे कवेलू, म्हणजे छपराची कौलं, सपाट दिसत होते. पट्ट्या कापून खालून वर, एकीवर एक चढवत गेलो. चार संध्याकाळी गेल्या, पण वाडा खरा दिसू लागला तो त्यानंच.

आईनं चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. "दाराजवळचा कोनाडा कुठी गेला?"

मोटारसायकलीमागे गेला होता. आता कटर घेऊन बसलोय.