खुनी मुखपृष्ठावरच!

सकाळी लेखकांचा फोन. "चित्र झकास आहे हो, पण तुम्ही खुनी कव्हरवरच बसवलाय!"

रहस्यकथेचं हस्तलिखित शेवटपर्यंत वाचून मग मुखपृष्ठ करायचं, ही माझी खोड. तीच नडली. टेबलावर अर्धा प्यालेला चहा काढला, कपाचा कान डावीकडे. आणि खुनी डावखुरा आहे हे कळतं शेवटून दुसऱ्या प्रकरणात! माझ्या हाताला ते आधीच माहीत होतं ना. कप फ्लिप केला, दोन मिनिटांचं काम. पण त्यावरची सावली खिडकीच्याच बाजूला पडली, ती नीट करण्यात दुपार गेली.

मग प्रकाशक. "एक सुरा टाका, थोडं रक्त." अहो, आत विषप्रयोग आहे! शीर्षक लाल करून समजूत काढली.

दलाल-मुळगावकर या चित्रकारांची मुखपृष्ठं वाचनालयाच्या काचेतून बघत वाढलो आम्ही. आता तेच चित्र मोबाइलवर नखाएवढं दिसतं, त्यात कपाचा कान कोण बघणार? लेखक बघतात.

आत्ताच निरोप आलाय, एक फॉर्म, म्हणजे छपाईचा सोळा पानांचा गठ्ठा, वाढला. १९२ ची २०८ पानं. म्हणजे पुस्तकाच्या कण्याची रुंदी पुन्हा मोजा. चहा ठेवलाय. उजव्या हाताने पिणार आहे.