मल्टिकास्ट राउटरपर्यंत येतो, पुढे जात नाही : माझा अनुभव

लातूरमधील एका शिकवणी वर्गाचे नेटवर्क मी सांभाळतो. मुख्य सभागृहातील तास एन्कोडरमधून (चित्र नेटवर्कवर पाठवणारा बॉक्स) मल्टिकास्टने, म्हणजे एकच प्रवाह मागणाऱ्या सर्वांना मिळेल अशा रीतीने, सोडायचा आणि रस्त्यापलीकडच्या इमारतीतील ४० पडद्यांवर दाखवायचा, असे काम माझ्याकडे आले. प्रवाह ४ एमबीपीएसचा आणि दोन इमारतींमधील जुना दुवा १०० एमबीपीएसचा असल्यामुळे प्रत्येक पडद्याला स्वतंत्र प्रवाह देणे शक्यच नव्हते. मध्ये लिनक्सचा राउटर ठेवून त्यावर एसएमसीराउट (मल्टिकास्टचे मार्ग हाताने नोंदवण्याचा प्रोग्राम) बसवले आणि एका इंटरफेसवरून (राउटरची नेटवर्क जोडणी) दुसऱ्यावर जाणारा मार्ग नोंदवला. इथवर काहीच अडले नाही.

अडले ते पुढे. टीसीपीडम्प (येणारी-जाणारी पॅकेटे दाखवणारे साधन) लावला की सभागृहाकडच्या इंटरफेसवर २३९.१०.१०.१ या गटाची (प्रवाहाचा मल्टिकास्ट पत्ता) पॅकेटे अखंड येताना दिसत आणि वर्गखोल्यांकडच्या इंटरफेसवर एकही दिसत नसे. 'आयपी एमराउट शो' या आज्ञेत मार्ग व्यवस्थित होता. कर्नलच्या (लिनक्सचा गाभा) 'आयपी_एमआर_कॅश' या फाईलमध्ये पॅकेटांचा आकडा वाढत होता आणि चुकीच्या इंटरफेसवरून आलेल्यांचा आकडा शून्यावर होता, म्हणजे राउटर पॅकेट ओळखत होता, मोजत होता, तरीही पुढे सोडत नव्हता. फायरवॉलची फॉरवर्ड साखळी तात्पुरती मोकळी केली, आरपी फिल्टर, म्हणजे पॅकेट योग्य दिशेने आले का हे पाहणारी चाळणी, तपासला (तो 'ऑल' आणि त्या इंटरफेसचा असा दोन्हीकडे पाहावा लागतो, कारण त्यांतील मोठे मूल्य लागू होते), पण पडदे काळेच राहिले.

एन्कोडर विकणाऱ्याकडे तक्रार नोंदवली, तेव्हा त्यांचा तंत्रज्ञ फोनवर म्हणाला, "सर, पिंग व्हायलंय ना? मग आमचा बॉक्स ओकेच हाय." पिंग युनिकास्ट, म्हणजे एकाकडून एकालाच जाणारे, असते आणि त्यावरून मल्टिकास्टविषयी काहीही सिद्ध होत नाही, हे मी समजावून सांगत असतानाच माझी तक्रार 'निराकरण झाले' या शेऱ्यासह बंद झाली आणि सेवेला पाचपैकी गुण द्या, असा संदेश आला. मी गुण दिले नाहीत.

अखेर टीसीपीडम्पला सविस्तर माहिती दाखवणारा 'व्ही' पर्याय जोडला आणि प्रत्येक पॅकेटच्या ओळीत 'टीटीएल १' असे स्वच्छ दिसले. टीटीएल म्हणजे पॅकेट किती राउटर ओलांडू शकते याची मर्यादा. १९८९ च्या आरएफसी १११२ या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजामध्येच म्हटले आहे की, पाठवणाऱ्याने वेगळे सांगितले नाही तर मल्टिकास्टचा टीटीएल १ धरावा, म्हणजे प्रवाह एका नेटवर्कबाहेर न्यायचा असल्यास तसे मुद्दाम ठरवावे लागेल. लिनक्समध्ये प्रत्येक बाहेरच्या इंटरफेसला टीटीएलचा उंबरठा असतो, तो सहसा १ असतो आणि पॅकेटचा टीटीएल त्याहून मोठा असेल तरच ते पुढे जाते. मोजणी मात्र त्याआधीच होते, म्हणून आकडा वाढत राहतो. शिवाय मल्टिकास्ट पॅकेट टाकून दिल्यावर पाठवणाऱ्याला आयसीएमपीचा (नेटवर्कमधील अडचणी कळवणारा प्रोटोकॉल) त्रुटी संदेशही जात नाही, त्यामुळे सारे निमूटपणे घडते.

खरा उपाय एन्कोडरमध्ये टीटीएल वाढवण्याचा आहे, परंतु त्या बॉक्सच्या मेनूत ती सोयच नाही. म्हणून राउटरवर आयपीटेबल्सच्या (लिनक्सची फायरवॉल) मँगल तक्त्यात, प्रीराउटिंग साखळीत, म्हणजे मार्ग ठरण्याआधी पॅकेट बदलता येते तिथे, टीटीएल ८ करणारा नियम घातला. हा नियम येणारा इंटरफेस आणि गटाचा पत्ता या दोन्हींपुरता मर्यादित ठेवावा. सरसकट लावल्यास कुठे वळसा तयार झाला तर पॅकेटे फिरतच राहतील. नियम कायमस्वरूपी जतनही करावा, कारण आपल्याकडे वीज सांगून जात नाही.

आणखी दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. नुसते आयपी फॉरवर्डिंग चालू केल्याने मल्टिकास्ट पुढे जात नाही. त्यासाठीची 'एमसी_फॉरवर्डिंग' ही सेटिंग हाताने बदलता येत नाही, मल्टिकास्टचा डीमन (एसएमसीराउटसारखा मागे चालणारा प्रोग्राम) सुरू झाल्यावर कर्नल ते स्वतः चालू करते. तसेच गटाचा पत्ता २२४.०.०.० ते २२४.०.०.२५५ या टप्प्यातील निवडू नये, कारण ती पॅकेटे राउटरने पुढे पाठवायचीच नसतात.

चित्र सुरू होऊन साधारण चार मिनिटांनी थांबत असेल, तर मात्र टीटीएलच्या मागे लागू नये. अशा वेळी स्विचमध्ये आयजीएमपी स्नूपिंग (ज्या पोर्टांनी प्रवाह मागितला त्यांनाच तो देण्याची सोय) चालू असते, पण पडद्यांना 'अजून हवे आहे का' असे विचारणारा क्वेरिअर नेटवर्कमध्ये नसतो. मग नेहमीच्या मूल्यांनुसार २६० सेकंदांनी सदस्यत्व संपते आणि स्विच त्या पोर्टांना प्रवाह देणे बंद करतो. एसएमसीराउट ही विचारणा करत नाही, म्हणून आम्ही वर्गखोल्यांच्या स्विचवरच क्वेरिअर चालू केला आहे.